पुढच्या पायाला चार बोटं

कुसुम, बेडकाच्या पुढच्या पायाला चारच बोटं असतात हे मला तू शिकवलंस, आणि तेही चारचौघांत. तेव्हा मी तुझ्यावर पहिल्यांदा रागावले. दुसऱ्यांदा रागावले ती गेल्या वर्षी, आणि तो राग उतरायच्या आत तू निघून गेलीस. आज नऊ दिवस झाले. घरात नुसत्या येरझारा चालल्या आहेत माझ्या. गॅसवर दूध ठेवते आणि विसरते. मुलांच्या चित्रांच्या वह्या तपासायला घेते आणि एकाच हत्तीकडे बघत बसते. तुझ्याशी बोलल्याशिवाय हे थांबणार नाही असं दिसतं, म्हणून लिहायला बसले. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण तू हयात असतानाही माझं पूर्ण ऐकून कुठे घ्यायचीस?

आधी तो तक्ता. माझी शाळा आणि तुझं कॉलेज एकाच संस्थेचं, अंधेरीत एकाच आवारात, त्यामुळे चित्रकलेच्या बाईंना असली कामं हक्कानं सांगितली जात. तुमच्या प्राणिशास्त्राच्या लॅबसाठी बेडकाचा मोठा तक्ता हवा होता. मी चार रविवार खपले. हिरवी पाठ, मधोमध पिवळी रेघ, डोळ्यांत चमक. तक्ता भिंतीवर लागला, सर वाहवा म्हणाले, मुलं जमली, आणि ट्रे पुसता पुसता तू मागून म्हणालीस, "बाई, ह्याच्या बोटात अंगठी घालायचीय काय? पुढं पाच बोटं कशाला दिलीत?"

सगळे हसले. मी तोऱ्यात विचारलं, "मग किती असतात?"

"मागं पाच, पुढं चार. या, मोजा." आणि तू टाकीत हात घालून एक जिवंत बेडूक माझ्यासमोर धरलास. मी मागे सरकले ती स्टुलावर आपटले.

नंतर चहा पिताना मी तुला माझी बाजू सांगितली. माझे वडील गिरणीत होते, पण आषाढ लागला की सुट्टीच्या दिवशी गणपतीच्या कारखान्यात हात रंगवायला जायचे. मीही लहानपणापासून त्यांच्याबरोबर बसलेली. देवाचे हात रंगवून रंगवून ब्रशला सवयच लागली होती, पंजा म्हटला की पाच बोटं आपोआप यायची. तू बशीतला चहा फुंकत म्हणालीस, "म्हंजे बेडकाला गणपतीचे हात दिलेस. मग राहू दे की, कशाला पुसतेस?" एका कपात तू 'अहो बाई' वरून 'अगं शाले' वर आलीस. मी मात्र पुढच्या रविवारी येऊन दोन्ही पायांचं एकेक बोट रंगानं झाकलं. ते नीट झाकलं गेलंच नाही. खिडकीतून तिरपं ऊन आलं की पाचवं बोट अजून दिसतं.

तुझं काम काय होतं ते इथे गोड करून लिहिणार नाही, तुला आवडलं नसतं. बेडूक पुरवणारा माणूस ओल्या पोत्यातून बेडूक आणायचा. तू ते टाकीत सोडायचीस. प्रॅक्टिकलच्या दिवशी एकेक काढून क्लोरोफॉर्मच्या बरणीत घालायचीस, झाकण लावायचीस आणि उभी राहायचीस. मग मेणाच्या ट्रेवर उताणा, चार पायांना चार टाचण्या. तू अठरा वर्षं हे केलंस. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली मुलगी, मासे कापत वाढलेली, म्हणून सरांनी तुला हे काम दिलं असं तूच सांगायचीस. "त्यांना वाटलं, हिला काय वाटणार!"

एकदा मी विचारलं होतं, तुला बेडकांचा एवढा नाद कसा? बेडूक डोळे आत ओढून घास खाली ढकलतो, बेडूक तोंडानं पाणी पीत नाही तर कातडीनं पितो, त्याची जीभ पुढच्या बाजूला चिकटलेली असते, असलं काहीबाही तू वडापाव खाताना सांगायचीस आणि माझा वडापाव तसाच राहायचा. तू म्हणालीस, "मारते मी. मग कोणाला मारते ते ठाऊक नको?"

त्यातूनच आपली वही सुरू झाली. तुझी आय बाजारात वाटे लावून बसते, तिच्याकडे मासे बांधायला रद्दी येते. त्या रद्दीत तुला कुठल्याशा परदेशी मासिकाचं पान सापडलं. त्यावर सोन्याचा एवढासा बेडूक होता, पनामाकडच्या जुन्या लोकांनी गळ्यात घालायला घडवलेला. पानाला बोंबलाचा वास. तू ते ब्लाउजच्या आत ठेवून माझ्या चित्रकलेच्या वर्गात आलीस आणि म्हणालीस, "शाले, हा मला नीट काढून दे. कागद कुजणार." मी शाळेच्या स्टोअरमधून काळ्या पुठ्ठ्याची ड्रॉइंगची वही काढली. पहिल्या पानावर तो सोन्याचा बेडूक काढला. तू वर पेनानं लिहिलंस, पनामा.

मग शनिवार ठरले. शाळा सकाळची, तुझी लॅब दुपारी बंद. मी वाचनालयातून जाडजूड चित्रांची पुस्तकं खांद्याला पिशवी लावून आणायची आणि तू मोठ्या टेबलावर कोपर टेकून बसायचीस. मी काढायची आणि तू बोलायचीस. इजिप्तची देवी सापडली, बेडकाच्या तोंडाची, बाळंतिणींना सांभाळणारी. मला ती विचित्र वाटली. तुला अजिबात नाही. "बरोबर हाय की! पूर ओसरला की चिखलात लाखानं पिल्लं. बाळंतपण बेडकीला नाय कळणार तर कोणाला कळणार?" चीनचा तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक दाखवला, तो म्हणे दुकानात ठेवतात, बरकतीसाठी. तू त्याला उलटसुलट बघून म्हणालीस, "चौथी तंगडी कोणी खाल्ली?" व्हिएतनामकडचे काशाचे ढोल होते, त्यांच्या काठावर चारी बाजूंनी बेडूक बसवलेले. पाऊस बोलवायला ते ढोल वाजवत. ते तुला फार आवडले. आठवडाभर तू लॅबमध्ये उलट्या घमेल्यावर बोटं वाजवत होतीस.

आणि जपानची ती जुनी गुंडाळी, नुसत्या काळ्या शाईची, ज्यात बेडूक आणि ससा कुस्ती खेळतात. तू ते चित्र खूप वेळ बघितलंस. मला वाटलं, आता काहीतरी विनोद येणार. तू म्हणालीस, "ह्यानं बघितलाय."

"कोणी?"

"ज्यानं काढला त्यानं. मांडी बघ. उडायच्या आधी अशीच आवळतो. हे घरात बसून नाय काढता येत."

तेव्हापासून तू प्रत्येक चित्राखाली पेन्सिलनं शेरा मारायला लागलीस. 'बघितलाय' किंवा 'नाय बघितला'. आधी काढलेल्या पानांवरही मागे जाऊन मारलास. जपानला 'बघितलाय'. ढोलवाल्यांना 'बघितलाय'. चीनच्या तीन पायांच्याला 'नाय बघितला'. युरोपातल्या कुठल्याशा चेटकिणीच्या हंड्याजवळचा बेडूक काढला तर 'नाय बघितला, भ्यालेला माणूस'. मी म्हणायची, "अगं, काढलं तर मीच आहे सगळं." तू म्हणायचीस, "तू उतरवलंस. बघितला त्यांनी."

ते मला लागायचं. लागायचं कारण ते खरं होतं. मी बेडूक कधी हातात घेतला नव्हता, जवळून दोन मिनिटं बघितलाही नव्हता. तक्त्याचा बेडूकही मी दुसऱ्या तक्त्यावरून काढला होता. तू दर शनिवारी वहीचं शेवटचं पान उघडून दाखवायचीस. तिथे वर तू लिहून ठेवलं होतंस, अंधेरी. खाली कोरं. "हा आपला. हा टाकीपाशी बसून काढायचा. जिवंत." आणि मी दर शनिवारी काहीतरी निमित्त काढायची. कधी परीक्षा, कधी स्नेहसंमेलनाचे पडदे, कधी नुसतंच "पुढच्या आठवड्यात नक्की".

आपली भांडणंही त्या टेबलावरच झाली. देशावर पाऊस लांबला की धोंडी मागतात, कडुलिंबाच्या पाल्यात बेडूक काठीला बांधून दारोदार फिरवतात, बायका वरून पाणी ओततात, हे मी तुला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तू भडकलीस. "पाऊस नाय आला तर बेडकाला टांगायचं? पाऊस काय त्याच्या बापाचा हाय?" मी लोकश्रद्धा, लोककला असं बोलायला लागले. प्रतिमा करणं म्हणजे मान देणं, माणूस ज्याला मानतो त्यालाच घडवतो, असं माझं म्हणणं. तू म्हणालीस, "मान पण देतो, मारतो पण. एकाच हातानं. तुमचे ते सोन्याचा बेडूक करणारे काय बेडूक खात नसतील?" मी म्हटलं, खात असतील, म्हणून सोन्याचा बेडूक खोटा ठरत नाही. तू म्हणालीस, खोटा नाही, पण त्यानं खाल्लेला परत येत नाही. हे भांडण आपण निदान दहा शनिवार भांडलो आणि ते मिटलं नाही. आज मला त्यावर तीन चांगले मुद्दे सुचले आहेत. कोणाला सांगू?

अशाच एका शनिवारी तू तुझ्या बाची गोष्ट सांगितलीस. तो दर्यावर गेला की पहिल्या जाळ्यातला एक जिवंत मासा परत पाण्यात टाकायचा. त्याला दर्याचा वाटा म्हणायचा. चांगलं पापलेट परत टाकलं की तुझी आय दोन दिवस बोलायची नाही. मी म्हटलं, "किती सुंदर गं!" तू कपाळाला आठ्या घातल्यास. "सुंदर कसलं? लाज असते माणसाला, एवढंच." आणि विषय बदललास. मी तो तिथेच सोडून दिला, याचा आता राग येतो.

मग गेल्या वर्षीचा श्रावण. माझी मंजिरी तुमच्याच कॉलेजात बारावीला. एके दिवशी घरी आली ती जेवेना. म्हणाली, शुक्रवारी बेडूक कापायचा आहे, मी कापणार नाही, मार्क गेले तरी चालतील. तिच्या बाबांनी समजावलं, मी ओरडले, काही उपयोग झाला नाही. पोरीचं वर्ष बारावीचं, आणि प्रॅक्टिकल घेणारे सर कोणाचं ऐकणारे नव्हते. मला वाटलं, आपली कुसुम आहे ना, चिंता कसली? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी लॅबमध्ये आले. तू बरण्या धूत होतीस.

मी म्हटलं, "कुसुम, तिच्या वाटचं तू करून ठेव ना. टाचण्या लावून, पोट उघडून ठेव. ती नुसती आकृती काढील. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"आपली मुलगी आहे ती."

"म्हणून तर. तिच्यासाठी एक जीव जाणार हाय, शाले. तिनं निदान बघायला नको?"

"तिला नाही बघवत. सगळ्यांना तुझ्यासारखं नाही जमत."

"माझ्यासारखं म्हंजे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मला गप्प बसता येत नाही हे तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी म्हटलं, "रोज मारून मारून तुला आता काही वाटेनासंच झालंय."

तू कोणाचं ऐकून घेणारी नव्हेस. बाजारात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला तू आयच्या शेजारी उभी राहून असं काही सुनवायचीस की ते पुढच्या ओट्यावर जायचं. मी वाट बघत होते की तू मलाही सुनावशील. तू बरणी पालथी ठेवलीस, हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "बरं." मग म्हणालीस, "जा तू. मुलं यायची वेळ झाली."

शुक्रवारी मंजिरी कॉलेजला गेली, परत आली, जेवली आणि जर्नलमध्ये आकृती काढत बसली. मी विचारलं, "केलंस?" म्हणाली, "केलं." "कुसुममावशी काही बोलली?" "काही नाही." मी मनात म्हटलं, झालं, हिलाही निबर केलं. आणि तुझ्यावरचा राग आणखी एक पायरी चढला.

एकाच आवारात राहून वर्षभर न बोलणं सोपं नसतं, कुसुम. त्यासाठी कष्ट घ्यावे लागतात. मी कॉलेजच्या बाजूचा नळ सोडून लांबच्या नळावर पाणी प्यायला जाऊ लागले. शनिवारी शाळा सुटली की लगेच घरी. बाजारात तुझी आय वाट्यावर एक बोंबील जास्त टाकायची आणि विचारायची, "शालू, घरी नाय आलीस गं?" मी म्हणायची, शाळेचं काम फार. त्याच वर्षी पेपरात बातमी आली होती की बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवणं सरकारनं बंद केलं. मी ती कात्रीनं कापली. तुला दाखवायची म्हणून पर्समध्ये ठेवली. तू काय म्हणाली असतीस ते मला तुझ्या आवाजात ऐकू आलं, "खायला बंद, शिकायला चालू!" मी एकटीच हसले आणि पर्स बंद केली. ते कात्रण अजून तिथेच आहे, घडीवर फाटलंय.

एकदाच आपण समोरासमोर आलो. यंदा गणपतीच्या आधी. माझ्या हातात सजावटीचे थर्माकोलचे पत्रे होते आणि तू दार धरून उभी राहिलीस. मी म्हटलं, "थँक्यू." तुला, थँक्यू! तू काहीतरी बोलणार होतीस. तुझं तोंड उघडलेलं मी बघितलं आणि पत्र्यांच्या आड चेहरा नेऊन पुढे गेले. तुला मी बोललेला शेवटचा शब्द तो आहे.

तू लॅबमध्येच स्टुलावर बसलीस आणि बसल्या जागी कलंडलीस, असं आमच्या शिपायानं येऊन सांगितलं तेव्हा मी पाचवीच्या मुलांना आंबा शिकवत होते. कोळीवाड्यात तुझ्या दारात आले तर बायकांनी मला वाट करून दिली. आपण वर्षभर बोलत नव्हतो हे तू त्यांच्यापैकी कोणालाच सांगितलं नव्हतंस. तुझी आय माझ्या गळ्यात पडली. परवा मी पुन्हा गेले तेव्हा तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणून दिली. म्हणाली, "ने तुजी. कुसुम बोलायची, शालूचं एक पान बाकी हाय."

बाकी आहे, असं बोलायचीस तू. वर्षभर. म्हणजे मी काढीन हे तू धरूनच चालली होतीस.

वही घरी टेबलावर उघडी होती. मंजिरीनं येता जाता शेवटचं पान बघितलं, 'अंधेरी' आणि खाली कोरं. ती जी रडायला लागली ती थांबेना. तू गेल्याचं कळलं तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. मग तिनं सांगितलं.

"आई, त्या शुक्रवारी मावशीनं मला प्रॅक्टिकलच्या आधी बोलावलं होतं. मागच्या गेटनं आम्ही त्या पाणी साचलेल्या जुन्या दगडखाणीवर गेलो. तिच्याकडे ओली पिशवी होती. त्यातून एक बेडूक काढून तिनं माझ्या हातात दिला. म्हणाली, घट्ट नको, सैल पण नको. त्याचं काळीज कळतंय ना हाताला? मग म्हणाली, सोड. मी सोडला. तो पाण्यात गेला. ती म्हणाली, प्रत्येक पोत्यातला एक इथं येतो. सरांना सांगते, वाटेत मेला. हा डबक्याचा वाटा."

"प्रत्येक पोत्यातला?"

"लागली तेव्हापासून, म्हणाली. मग म्हणाली, आता वर चल आणि तुझ्या ट्रेवर जो हाय तो नीट बघ. त्याला फुकट घालवू नको. मी बघितला, आई. सगळ्यांत छान डिसेक्शन माझं झालं होतं."

मी पोरीवर ओरडले. मला का नाही सांगितलंस, एक वर्ष, अख्खं एक वर्ष! ती म्हणाली, "शपथ घातली होती तिनं. नोकरी जाईल म्हणाली. आणि म्हणाली, आईचा राग दुधासारखा आहे, वर येतो तसा खाली बसतो. बसला की मीच सांगेन."

नाही बसला, कुसुम. मी गॅस बारीकच केला नाही.

आता मला तुझाच राग येतो आहे, हे बघ. एका वाक्याचं काम होतं. मी तुला म्हटलं, काही वाटेनासं झालंय, तेव्हा माझा हात धरून त्या खाणीवर न्यायचंस. नाहीतर तिथल्या तिथे चार शिव्या घालायच्यास. 'बरं' कसलं? मग रात्रंदिवस तेच घोळवताना मला कळलं की तू का बोलली नाहीस. मी त्याला लगेच सुंदर म्हटलं असतं. वहीत त्याचं चित्र काढलं असतं. तुझ्या लेखी ती मिरवायची गोष्टच नव्हती. लाज असते माणसाला, एवढंच. हे मला कळलं त्यानं बरं वाटलं नाही, आणखीच टोचलं. जिला मी निबर म्हटलं तिनं अठरा वर्षं पोत्यागणिक एक खोटं बोलून एक जीव सोडला, आणि मी, बेडकांची चित्रं काढणारी हळवी बाई, एकालाही हात लावला नव्हता.

काल मंजिरीला घेऊन खाणीवर गेले. तू शेवटचं कधी गेली होतीस माहीत नाही, पण अर्धी खाण बुजवली आहे. एका बाजूनं ट्रक येऊन डबर ओततात, पलीकडे इमारतीचे खांब उभे राहिले आहेत. उरलेल्या बाजूला पाणी आहे, कडेला गवत आहे, आणि आमची चाहूल लागताच गवतातून डुबुक डुबुक उड्या पडल्या. मी मंजिरीला म्हटलं, ह्यांतले काही मावशीचे. ती म्हणाली, "त्यांची नातवंडं असतील गं." पोरगी चपला काढून चिखलात उतरली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा पकडला. वर आली आणि म्हणाली, "हात पुढे कर, आई. घट्ट नको, सैल पण नको."

मी हात पुढे केला. डोळे मिटले होते ते उघडले. बेडूक थंडगार असतो हे माहीत होतं, पण त्याचं काळीज तळहातावर एवढं धडधडतं हे कोणत्या पुस्तकात नव्हतं. पहिल्याच मिनिटाला त्यानं माझ्या हातावर मुतून घेतलं. मंजिरी हसायला लागली, मीही हसले, आणि तू असतीस तर खाणीच्या काठावर आडवी पडून हसली असतीस. त्यानं पुढचा पाय माझ्या अंगठ्यावर टेकवला होता. मी मोजली. एक, दोन, तीन, चार. एवढी नाजूक बोटं, आणि कसा घट्ट धरला होता त्यानं माझा अंगठा! मग त्याची मांडी आवळलेली दिसली. जपानवाल्यानं काढली होती तश्शी. मी तळहात पाण्याकडे नेला आणि तो गेला.

तिथेच दगडावर बसून, तसल्याच वासाच्या हातानं, मी शेवटचं पान काढलं. रबर वापरला नाही.

सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. रात्री परत येरझारा. तुझ्याशी जे बोलायचं होतं ते दोन शब्दांचं होतं, मी चुकले, आणि ते आता मी कितीही मोठ्यानं बोलले तरी तुझ्या कानावर पडणार नाही. शिवाय पुढच्या शुक्रवारी नवीन पोतं येणार आहे. तुझ्या जागी नवा माणूस आला आहे, त्याला वाट्याचं काही माहीत नाही. आज सकाळी मी लॅबमध्ये जाऊन सरांना सांगून आले, चित्रकलेच्या वर्गाला प्रत्येक पोत्यातला एक जिवंत बेडूक लागेल, बघून काढायला. सर म्हणाले, "न्या की बाई, त्यात काय विचारायचं?" एवढं सोपं होतं बघ. मुलं आधी बघतील, काढतील, मग मी आणि मंजिरी त्याला घेऊन जाऊ. खाण किती दिवस राहील देव जाणे. बुजली की दुसरं पाणी शोधावं लागेल, दिंडोशीकडे, आरेकडे, कुठेही. तुझं माझं जुनं भांडण यात कोणी जिंकलं ते मला सांगता येत नाही. तुझ्या बाजूनं एक गुण जास्त असेल.

वही आत्ता माझ्यासमोर उघडी आहे. अंधेरी, आणि खाली तो बसला आहे, उडायच्या बेतात. पुढची बोटं चारच आहेत, हवी तर मोजून घे. त्याच्याखाली तुझ्या शेऱ्याची जागा आहे. मघाशी पेन्सिल हातात घेतली होती, परत ठेवली. तिथे लिहायचं काम तुझं, ती ओळ कोरीच राहील. मी नुसतं तोंडानं सांगते. कुसुम, मी बघितला गं.